वस्तुतेचा कुळाचार

लेखनिकाच्या कामाला कान लागतो, हात लागतो आणि पाठीचा कणा लागतो. बुद्धी लागत नाही. असलीच तर ती चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावी. सांगणाऱ्याचे वाक्य समजून घेण्यासाठी मन क्षणभर थांबले, की पुढचे वाक्य तोवर खाडी ओलांडून गेलेले असते. वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली ती पाठांतरासाठी. त्यांचा खरा उपयोग मात्र या कामात झाला. माणूस बोलू लागला की मी त्याच्या अर्थाकडे न पाहता यतीकडे लक्ष देते. श्वास कुठे तुटतो, स्वर कुठे उतरतो, एवढे कानाने धरले की टाक आपोआप धावतो.

'लिहा' म्हटल्यापासून 'पूर्णविराम' म्हणेपर्यंत जे ऐकू येईल ते लेखकाचे. खोकला, शिवी आणि 'चहा टाका' एवढेच गाळायचे. मध्ये आपण बोलायचे नाही, कुणी काही विचारले तरी नाही. वाक्याचा एक तुकडा कागदावर आला की फक्त मान हलवायची. म्हणजे सांगणाऱ्याला कळते, की पुढे जायला हरकत नाही. ही सवय इतकी मुरते, की माझ्या मानेने मला बाजारातून नको असलेले कितीतरी पडवळ घरी आणायला लावले आहे.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची भेटली. अलिबागेत एक वैद्यराज पचनावर ग्रंथ सांगत. जेवणापूर्वी सांगितलेले सारे ते जेवणानंतर खोडायला लावत. एका कीर्तनकारांना बसून सांगताच येत नसे. ते उभे राहत, मला श्रोता समजत, आणि मी लिहिण्यासाठी मान खाली घातली की झोपलात का म्हणून रागावत. पण ज्यांच्यासाठी मी सर्वांत अधिक शाई खर्च केली, ते नागावचे नाना.

नाना मुंबईच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि नागावात आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत येऊन राहिले होते. तरुणपणी ते जर्मनीत राहून आले होते. तिथून त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक लोकरीचा कोट, जो आमच्या दमट हवेत कधीच पुरता वाळला नाही. आणि दुसरी, एका जर्मन तत्त्वज्ञाच्या तर्कशास्त्राची ओढ. ते तर्कशास्त्र मराठीत आणणे हे त्यांचे उत्तरायुष्य. त्या तत्त्वज्ञाला नाना 'गुरुजी' म्हणत. गुरुजी नानांच्या जन्मापूर्वीच वारले होते. तरी नाना त्यांच्याविषयी असे बोलत, जणू ते पलीकडच्या वाडीत राहतात आणि हल्ली जरासे रुसले आहेत.

मी बालविधवा; पुण्याला शिकून गावी परतलेली. मला लिहिण्याचे काम हवे होते, आणि नानांना असे कुणीतरी हवे होते, जे जर्मन तर्कशास्त्र ऐकून उठून जाणार नाही.

पहिली काही वर्षे आम्ही माजघरात लिहिले. कल्पना, विधान, अनुमान, असे ते भाग होते. अंधाऱ्या खोलीत शाईचा आंबूस वास, दाराच्या फटीतून येणारी उन्हाची एक रेघ, आणि तिच्यात तरंगणारी धूळ पाहत बोलणारे नाना. मग 'वस्तुता' नावाचा भाग आला, आणि माझ्या आयुष्यातील शांतता संपली.

आपण 'वस्तुनिष्ठ' म्हणतो ते पक्षपात न करणाऱ्या माणसाला. गुरुजींची वस्तुता तशी नव्हे, हे नानांनी मला आधीच बजावले.

"बाई, इथवर विचार डोक्यात होता. सगळं आतल्या आत. आता अनुमान पुरं झालं, आणि पुरा झालेला विचार डोक्यात मावत नाही. तो वस्तू होऊन अंगणात उभा राहतो. त्याच्या तीन पायऱ्या. पहिली यांत्रिकता. वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या. एकीला दुसरीचं सुखदुःख नाही. ढकललं तर हलतील. दुसरी रासायनिकता. वस्तूंना एकमेकींची ओढ लागते, भेटल्यावाचून चैन पडत नाही. तिसरी हेतुमत्ता. आता कोणाचा तरी हेतू मागे उभा आहे, आणि वस्तू ही त्याची साधनं."

"मग उद्यापासून हा भाग घ्यायचा?"

"उद्या कशाला? चौकी उचला. विचार बाहेर पडलाय आणि आपण आत बसलोय, हे हास्यास्पद आहे."

माझी लिहायला बसायची चौकी सुरंगीच्या झाडाखाली आली. झाडाला फुलांचा बहर होता. त्या गोड, जड वासाने पहिल्या दिवशी माझे डोके दुखले. नानांनी नियम घातला, की या भागातले कोणतेही वाक्य अंगणात प्रत्यक्ष घडलेले दिसल्यावाचून लिहायचे नाही. वाडीचा रहाट हाकणाऱ्या गोमाने मला बाजूला घेऊन विचारले, "बाय, नाना आज भाईर कशाला बसलेत?"

"वस्तू अंगणात आल्या म्हणतात."

गोमाने अंगणभर नजर फिरवली. "त्या व्हत्याच की हितं," तो म्हणाला, आणि बैलाकडे गेला.

नानांच्या घरी त्यांची पुतणी होती, वेणू. आईबाप गेल्यावर नानांनीच तिला वाढवले. नानांची बायकोही तोवर वारली होती, त्यामुळे घराच्या किल्ल्या, वाडीचे पाणी आणि नानांची औषधे हे सारे वेणूच्या हातात होते. तिचे लग्नाचे वय गावाच्या हिशेबाने उलटून चालले होते; आणि तिच्या स्वतःच्या हिशेबाने तिचा नवरा ठरलेला होता.

ते असे घडले. महायुद्धात अडकून पडलेली नानांची जर्मन पुस्तकांची पेटी युद्ध संपल्यावर एकदाची मुंबईहून रेवसला आली, आणि आम्ही तिघे ती घ्यायला गेलो. ओहोटी होती. धक्क्यापासून होडीपर्यंत नुसता चिखल, उन्हात चमकणारा आणि कुजक्या शिंपल्यांच्या वासाचा. त्याच होडीतून श्रीवर्धनचा एक तरुण उतरत होता. पेटीत पुस्तके आहेत हे ऐकून त्याने ती हमालाच्या हातून घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि दहा पावलांवर घसरला. तो कमरेपर्यंत चिखलात बसला. पेटी मात्र हातांवर तशीच वर धरलेली. त्याचे नाव माधव. घरी परतताना बैलगाडीत वेणू मला हळूच म्हणाली, "ताई, माणूस पडला, पण पेटी नाही पडली." बस्स. तिच्यापुरते तिथेच ठरले.

माधवचेही ठरले असावे, कारण महिन्याभरातच त्याच्या घरून मध्यस्थ आला. पत्रिका जुळल्या. अडचण एवढीच, की त्याच घरी चौलची दुसरी एक मुलगी सांगून आलेली होती. आणि पावसाळ्याने समुद्र बंद होण्याआधी, श्रीवर्धनची गलबते येत-जात असतानाच, त्या घराला एका बाजूने निकाल लावायचा होता.

वेणूने नानांना पत्रिका जुळल्याचे सांगितले. नाना कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "जुळल्या म्हणजे काय? दोन धोंडे शेजारी ठेवले तर तेही जुळतात. ही तर शुद्ध यांत्रिकता." असे म्हणून ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पसरला, तो पाहून मी आणि वेणू दोघीही घाबरलो.

"बाई! लग्न! आपण इतके दिवस दगड नि मडकी धरून बसलो. तिन्ही पायऱ्या एकाच वस्तुस्थितीत, आणि तीही आपल्या अंगणात! हे लग्न शास्त्रशुद्ध क्रमाने होईल."

"नाना," वेणू म्हणाली, "मी तुमचं प्रकरण आहे का?"

"छे, छे. तू उदाहरण आहेस."

मुलगी पाहण्याच्या दिवशी माधव, माई आणि अण्णा रेवदंड्याला गलबतातून उतरून बैलगाडीने नागावात आले. माई म्हणजे माधवच्या थोरल्या काकू. त्याची आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच त्याला वाढवले होते, आणि त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नसे. अण्णा त्यांचे यजमान. त्यांच्या तोंडात सदैव पान असल्यामुळे कोणत्याही विषयावर त्यांचे मत काय, हे आजतागायत कुणाला कळलेले नाही.

पाहुणे गाडीतून उतरले न उतरले तोच नानांनी अंगणात दोन पाट मांडायला लावले, पाठीला पाठ लागेल असे. "माधवराव, तुम्ही इथे. वेणू, तू तिथे. एकमेकांकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही. हसणं वर्ज्य. तुम्ही एकमेकांना केवळ शेजारी आहात."

माधव बसला. वेणू बसली. मग गोमाने दोघांभोवती नारळांचा मोठा ढीग ओतला, कारण यांत्रिकतेत ढीग हवा. सुरंगीची दोन फुले त्या ढिगावर पडली. नानांनी ती उचलून टाकली.

माई माझ्या चौकीपाशी सरकल्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी विचारले, "अगो बाई, हा तुमच्या घरचा कुळाचार का?"

मी सांगणारच होते. तेवढ्यात नाना गरजले, "लिहा! वस्तू स्वतःपुरती पुरी असते, आणि म्हणूनच दुसरीला परकी असते..."

टाक धावला. तोंड मिटले. पहिला तुकडा कागदावर उतरला, आणि मी मान हलवली.

माईंनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

आमच्या किनाऱ्यावर सभ्यतेचे अनेक नियम आहेत आणि बहुतेक सोयीप्रमाणे मोडले जातात. पण एक कधीच मोडत नाही. दुसऱ्या घराच्या कुळाचाराला 'का' म्हणून विचारायचे नाही. कुणाकडे लग्नाआधी पहिल्या पोफळीला साडी नेसवतात, कुणाकडे नवरदेव आधी गोठ्यात जाऊन गाईची परवानगी घेतो. पाहुणा हे सारे गंभीर चेहऱ्याने पाहतो आणि आपले चुकू नये एवढीच काळजी करतो. माईंनीही तेच केले.

"मुलाचं तोंड पूर्वेला हवं ना?" त्यांनी नानांना अदबीने विचारले.

"यांत्रिकतेत दिशा बाहेरून येते. कोणतीही चालेल."

"म्हणजे मुलाचं पूर्वेला, मुलीचं पश्चिमेला," माईंनी लक्षात ठेवले. अण्णांनी मान डोलावली. पानामुळे की पटल्यामुळे, ते सांगता येत नाही.

इकडे पाटांवर माधव ओठ न हलवता पुटपुटला, "पेटीला पाणी लागलं नाही ना?" वेणूची पाठ हसण्याने थरथरू लागली. दोन नारळ ढिगावरून घरंगळले.

"पदार्थ आपणहून हलतोय!" नाना ओरडले. "हे पुढच्या पायरीत! इतक्यात नाही!"

"नारल न्हाय वो नाना," गोमा म्हणाला. "पोरगी हालतेय."

त्या दिवशी रात्र पडण्यापूर्वी पाहुणे रेवदंड्याला परतले. जाताना माईंनी विचारले, "पुढचा विधी कधी?" नाना खूष होऊन म्हणाले, "एकूण तीन पायऱ्या आहेत. दुसरीसाठी पुन्हा यावं." माई म्हणाल्या, "येऊ तर. असलं निगुतीनं करणारं घर हल्ली मिळत नाही."

दुसऱ्या वेळी नानांनी दोघांना समोरासमोर बसवले आणि मध्ये पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ ठेवले. रासायनिकतेत, नानांच्या म्हणण्याप्रमाणे, दोन वस्तूंना भेटायला एक माध्यम लागते: क्षारांना पाणी, माणसांना भाषा. म्हणून एका अंगाने दोघांनी बोलायचे, आणि दुसऱ्या अंगाने नाना घंगाळात हळद आणि चुना कालवणार.

बोला म्हटल्यावर कुणालाही सुचत नाही. बराच वेळ पाण्यात फक्त माडांच्या झावळ्यांची सावली हलत होती. मग माधव म्हणाला, "तुम्हाला पोहता येतं?"

"येतं. तुम्हाला?"

"नाही."

"मग त्या दिवशी चिखलात कशाला शिरलात?"

"पेटी होती."

"पेटीला तरी कुठे पोहता येतं!"

नानांनी हळद टाकली, मग चुना. पिवळे पाणी कडेपासून फुलत गेले आणि पाहता पाहता सारे घंगाळ जास्वंदीसारखे तांबडे झाले. माईंचे डोळे भरून आले. हळद, चुना, तांबडे पाणी. त्यांच्या दृष्टीने याहून शुभ काय असणार? "चुना किती घातलात हो?" त्यांनी विचारले.

"प्रमाण गौण आहे."

"कुळाचारात प्रमाण गौण कसं असेल? नखभर धरते."

सारे हसले. फक्त नाना घंगाळात पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. "लिहा," ते अगदी हळू म्हणाले. "ओढ पुरी झाली, की ओढ संपते. आता हळद उरली नाही, चुना उरला नाही. जे उरलं ते शांत आहे आणि स्वतःहून पुन्हा पेटत नाही." आणि त्यांनी पूर्णविराम म्हटलेच नाही. पाहुणे निघून गेले तरी मी टाक धरून बसले होते.

नाना अडले. रासायनिकतेतून हेतूकडे कसे जायचे, हे गुरुजींनी एका वाक्यात सांगितले होते. ते वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत होते, आणि नाना त्यात शिरून रोज तसेच परत येत होते. त्यांनी हळद बदलली, चुना बदलला, विहिरीऐवजी खाडीचे पाणी घेतले. प्रत्येक वेळी तांबडे, शांत पाणी. गोमाने अखेर ते पाणी अळवाला घालायला सुरुवात केली.

"तिसरी पायरी राहू द्या, नाना," मी एकदा धीर करून म्हटले. "लग्न तरी उरकू या."

"पायरी गाळायची? तर्कशास्त्रात?" ते रागाने उठले, मग पुन्हा बसले. "बाई, तुम्हाला वाटतं मी हट्ट करतो. माझं आणि हिच्या काकूचं लग्न या पाण्यासारखं झालं. आधी केवढी ओढ! मग भांडण नाही, तंटा नाही, काहीच नाही. ती गेली तेव्हा तिला शेवटचं काय म्हणालो ते मला आठवत नाही. पोरीला मी या घंगाळात सोडणार नाही. पुढे काय आहे ते मला सापडू दे."

म्हणजे इकडे नाना तिसऱ्या पायरीवाचून लग्न लावायला तयार नाहीत. आणि तिकडून रेवदंड्याला आलेल्या गलबताच्या तांडेलाबरोबर माईंचा निरोप आला: 'दोन विधी झाले, तिसरा कधी? तीनांचा कुळाचार दोनांवर सोडणे आमच्या घरात अशुभ मानतात. तो पुरा झाल्यावाचून आम्हांस मुलगी आणता येणार नाही. चौलचे लोक वाट पाहत आहेत.' अशा रीतीने श्रीवर्धन आणि नागाव या दोन गावांमधील एक साधा विवाह जर्मन तर्कशास्त्रातील एका अवघड संक्रमणावर येऊन थांबला.

"मी माईंना खरं काय ते कळवते," मी वेणूला म्हटले.

"नको हं ताई!" तिने माझा हात धरला. "कुळाचार नव्हता म्हटलं, तर त्या विचारतील, मग पोरीला भर अंगणात परपुरुषाच्या पाठीला पाठ लावून कशासाठी बसवलं? गाव काय म्हणेल? आता तो कुळाचारच असू दे." आणि मग जराशाने, "मला चौलच्या मुलीचं वाईट वाटतं. ती बिचारी साधं नाव घ्यायची तयारी करत असेल, आणि मी गुरुजींवर अडकलेय."

ती हसली, पण त्या रात्री तिने जेवण टाकले.

ज्येष्ठाचे वारे फिरले. समुद्राचा आवाज वाडीपर्यंत येऊ लागला, एखादे जड लाकूड कुणी लांबवर ओढत असल्यासारखा. कोळीवाड्यात सुकी मासळी आत घेण्याची घाई उडाली. आणि एका दुपारी, कुणी बोलावले नसताना, माई, अण्णा आणि माधव दारात उभे राहिले. शेवटचे गलबत दुसऱ्या दिवशी परत जाणार होते.

"तिसरा विधी आज," माई म्हणाल्या. "झाला तर झाला. नाहीतर आमचा नाइलाज आहे हो."

नाना हे ऐकून मागच्या दाराने रहाटाकडे निघून गेले. अंगणात माई उभ्या, अण्णा चघळत उभे, आणि माधवचा चेहरा असा, की जणू या वेळी पेटीच पडली आहे. मी चौकीवर बसले, कारण मला दुसरीकडे कुठे बसावे हे माहीत नव्हते. शुभकार्यात माझ्यासारखीने पुढे यायचे नसते. पण लेखनिकाची चौकी ही अशी जागा आहे, जिथे बसलेले माणूस कुणाला दिसत नाही.

वेणू घरातून बाहेर आली. हात पुसत, अगदी शांतपणे. सुरंगीखाली येऊन तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"माई, तिसऱ्या विधीला नाना लागत नाहीत. तिसरा मुलीचा."

"मुलीचा? तो कसा गो?"

"मुलीने सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं."

माईंनी डोळे मोठे केले. मुलीने सांगायचे! असे काही त्यांनी आयुष्यात ऐकले नव्हते. ओठांवर आलेला 'का' मला स्पष्ट दिसला. तो तिथेच विरघळला. "कुळाचारच आहे म्हटल्यावर," त्या म्हणाल्या, "सांग बाई."

"मुलीने कशालाही हात लावायचा नसतो," वेणू म्हणाली. "माधवराव, देवघरातून पाट आणा. माई, तुम्ही त्याच्यावर बसा. गोमा, नानांना घेऊन ये. नाही म्हणाले तरी घेऊन ये. अण्णा, तुमच्या डब्यातली एक अख्खी सुपारी काढा, चांगली. अडकित्ता माईंच्या हातात द्या."

माणसे हलू लागली. माधवने पाट मांडला. अण्णांनी डबा उघडून तीन सुपाऱ्या नापसंत केल्या आणि चौथी काढली. गोमा नानांना दंडाला धरून घेऊन आला, नाना म्हणत होते, "माझं वाक्य अर्धं आहे," आणि गोमा म्हणत होता, "व्हय, व्हय, पुरं करू."

अंगणाच्या तोंडाशी नाना थांबले. त्यांनी पाहिले: वेणू मधोमध उभी, हात पाठीशी, जागची हललेली नाही, आणि तिच्याभोवती पाट, माणसे, अडकित्ता, सुपारी, सारे तिच्या मनातल्या एका गोष्टीच्या दिशेने सरकते आहे.

"लिहा!" नाना ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. "लिहा, बाई! जे विझलं ते पुन्हा आतून पेटत नाही, कारण आच वस्तूत नसतेच. ती वस्तूपासून सुटून मोकळी उभी असते. तिचं नाव हेतू. हेतू स्वतः हात लावत नाही. तो वस्तूंना वस्तूंवर सोडतो, त्या झिजतात, आणि तो अखंड राहतो..."

माईंना वाटले, मंत्र सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले. माझी मान हलत होती. वेणूने मंत्रापेक्षा जरा मोठ्याने म्हटले, "माई, फोडा आता सुपारी."

अडकित्ता कडाडला. सुपारी फुटली, म्हणजे लग्न ठरले. सुपारीच्या ताज्या तुरट वासावर नानांचा आवाज आला, "पूर्णविराम."

मग ते वेणूकडे वळले. "म्हणजे इतके दिवस... मी?"

"तुम्ही साधन, नाना," वेणू म्हणाली, आणि तिला रडू कोसळले.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हरकत नाही गं. पाणी पिऊन संपतं, रहाट राहतो. साधन असणं वाईट नाही." आणि माझ्याकडे पाहून, "हेही लिहा."

लग्न झाले. वस्तुतेपर्यंतचे पुस्तकही झाले, पण छापले कुणी नाही. मुंबईच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवताना कळवले, की विषय उत्तम आहे, परंतु वाचक सापडणे दुरापास्त. नानांनी ते बाड त्या जर्मन पेटीत ठेवले. मला वाईट वाटले. इतकी वर्षे कानाने धरून कागदावर उतरवलेले सारे पुन्हा अंधारात गेले. वस्तुता म्हणजे विचाराने बाहेर पडणे, असे ते प्रकरण सांगत होते. आणि ते स्वतःच आत राहिले.

काही वर्षांनी माधवच्या धाकट्या भावाचे लग्न निघाले. नानांच्याने प्रवास होत नव्हता. पण माईंनी मला मुद्दाम माणूस पाठवून बोलावले. मी नको म्हटले. शुभकार्यात कशाला? माणूस म्हणाला, "माईंनी सांगितलंय, लिहिणारी बाई हवीच. ती चौकीवर बसून मान हलवल्यावाचून विधी पुरा होत नाही."

श्रीवर्धनच्या त्या अंगणात माझ्यासाठी चौकी मांडली होती, धुवून, तिच्यावर कोरे कागद आणि नवा टाक. नवरा-नवरी पाठीला पाठ लावून बसली, तो पूर्वेला, ती पश्चिमेला. नारळ ओतले गेले. घंगाळात हळद, नखभर चुना. तिसऱ्या विधीला नवी नवरी, खेड्यातून आलेली लाजरी पोर, हात पाठीशी धरून उभी राहिली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "मला समुद्र जवळून बघायचाय." आणि शालू-पीतांबर, भटजी, सनईवाला, तोंडात पान असलेले अण्णा, सारे वऱ्हाड उन्हातून किनाऱ्यावर चालत गेले. कुणीही का म्हणून विचारले नाही. वेणू माझ्या शेजारून चालत होती. "ताई," ती म्हणाली, "माझ्या घरात मी आजही दर वर्षी हा तिसरा करते. हात मागे बांधून सांगते. आमचे हे करतात." तिच्या आवाजात कुठेच ते शांत, तांबडे पाणी नव्हते.

परतल्यावर मी कागद आवरू लागले, तर माई म्हणाल्या, "उठू नका. अजून आहे." त्यांनी कुणाचे तरी रांगते मूल उचलून आणले आणि नवरा-नवरीच्या मध्ये सोडून दिले. मुलाने पहिल्यांदा अडकित्ता चाटला, मग नवरीच्या पदराला धरून उभे राहण्याचा प्रयत्न केला.

"हे चौथं कुठलं, माई?"

"तुमचे नाना सांगायचे विसरले असतील. तीन झाल्यावर तिथंच थांबून कसं चालेल?"

नागावात परतून मी नानांना सारे सांगितले. पाठीला पाठ, घंगाळ, समुद्र. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मधून मधून त्यांचीच मान हलत होती. मुलापर्यंत आले तेव्हा ती थांबली.

"मूल सोडलं? मध्ये?"

"हो."

"पेटी उघडा, बाई. मूळ ग्रंथ काढा. वस्तुता संपते त्याच्या पुढचं पान. मथळा मी सांगतो तसा पडताळा." त्यांची नजर तोवर अधू झाली होती, मी ग्रंथ उजेडात धरला. एवढी वर्षे त्यांच्यासाठी लिहून मला जर्मन अक्षरे लावता येऊ लागली होती. वस्तुतेनंतरच्या भागाच्या पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यावर एकच शब्द होता.

"जीव," नाना म्हणाले. "आहे?"

"आहे."

बाहेर रहाटाचा आवाज चालू होता. मी टाक शाईत बुडवून वाट पाहिली. पण त्यांनी 'लिहा' म्हटले नाही.

"श्रीवर्धनला निरोप पाठवा," ते अखेर म्हणाले. "माईंना विचारा, पाचवं काय आहे."